पार्श्वभूमी : मालवणचे खडक, सागरी अभयारण्य आणि स्कूबा

मालवणला समुद्रात उतरणे कोकणच्या बाकी उघड्या किनाऱ्यांपेक्षा सोपे आहे, आणि त्याचे श्रेय खडकांना जाते. सिंधुदुर्ग, पद्मगड हे पाण्यातले किल्ले आणि त्यांच्या भोवतीची, ओहोटीला डोके वर काढणारी खडपे पश्चिमेची लाट बाहेरच मोडतात. उत्तरेला चिवल्याची अर्धगोल पुळणही (वाळूचा किनारा) अशीच आडोशाला आहे. डिसेंबरातल्या सागरी जलतरण स्पर्धा तिथे भरतात त्या उगाच नव्हे. दक्षिणेला तारकर्ली दिसायला अधिक देखणी, पण तिथे हा आडोसा नाही.

शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गासाठी कुरटे बेट निवडले तेही या खडकांच्याच जोरावर. आतली वाट ठाऊक नसलेले मोठे जहाज इथे तळ फोडून घेणार, हा हिशेब होता. 25 नोव्हेंबर 1664 रोजी पायाभरणी झाली, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत सुमारे 48 एकरांवर किल्ला उभा राहिला. त्याच खडकांवर, उथळ आणि उजेड पोचणाऱ्या पाण्यात, प्रवाळ वाढले होते. त्यांची सरकारी दखल घेतली गेली ती तीनशेहून अधिक वर्षांनी.

13 एप्रिल 1987 रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र 29.12 चौ. किमी; त्यात गाभा, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा भाग, जेमतेम 3.18 चौ. किमी, आणि तो नेमका किल्ला-पद्मगडाभोवतीचा. म्हणजे मच्छीमारांच्या दारातला समुद्र. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांनी आणि छोट्या होड्यांनी विरोध केला. तो रास्तच होता; खोल समुद्रातल्या ट्रॉलरला या रेषेने फारसा फरक पडत नव्हता, किनाऱ्यावरच्याला पडत होता. बरीच वर्षे अभयारण्य कागदावरच राहिले. 2001 मध्ये प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. तेव्हापासून आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालणे हा गुन्हा आहे.

पर्यटन आले ते या वादाच्या मागोमाग. स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पृष्ठभागावरून पाहणे) आधी, मग स्कूबा (हवेची टाकी पाठीला लावून बुडी). 2015 मध्ये राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने (एमटीडीसी) तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षण संस्था सुरू केली. एरवी मासेमारीवर जगणारी अनेक घरे आता होडी, गाइड आणि न्याहारी-निवासावरही चालतात. खडक राखण्यात गावाचा फायदा दिसू लागला तो इथे, अधिसूचनेने नव्हे.

पाणी स्वच्छ कधी मिळते, हे मात्र कॅलेंडरचा महिना पाहून ठरत नाही. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ बसायला नोव्हेंबर उजाडतो. त्यानंतर तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात असते आणि तळाची वाळू उठते. अष्टमी ते एकादशीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, पाणी निवळते. भरतीची वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट : दशमीला साडेसात. हा हिशेब मुंबईकडे बसतो. मालवणात भरती त्याच्या थोडी आधीच पुरी होते. त्यामुळे दशमी-एकादशीची सकाळ उत्तम. भांगाचे पाणी, खडकांवर पुरेशी खोली, आणि खारे वारे सुटायला अजून अवकाश. दुपारी तीच जागा गढूळ आणि हलती मिळते.

पोहता न येणाऱ्यांना इथे प्रशिक्षकाच्या हाताखाली पाचसहा मीटर खाली नेतात. फसते ते बहुधा कानावर. नाक चिमटीत धरून हलकी फुंक द्यायची, दर अर्ध्या-एक मीटरला, आणि दुखायच्या आधी. दुखू लागल्यावर जोर लावला तर कानाचा पडदा फाटू शकतो. सर्दी असेल तर पैसे भरलेले असले तरी उतरू नये. श्वास रोखायचा नाही, कारण 5 मीटरवर भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दीडपट होते आणि फुप्फुसाला तेवढी जागा नसते. एका बुडीनंतर विमानप्रवासाला किमान 12 तासांचे अंतर हवे.

प्रवाळांचे नुकसान दोन बाजूंनी होते. उन्हाळ्यात पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ पांढरे पडतात. त्यावर मालवणचा इलाज नाही. दुसरी बाजू हातातली आहे : खडकावर टाकलेला लोखंडी नांगर, दमल्यावर प्रवाळावर टेकवलेला पाय, आणि फोटोत मासे यावेत म्हणून चुरलेली बिस्किटे. बिस्किटांना सरावलेले मासे खडकावरचे शेवाळ खायचे सोडतात आणि ते शेवाळ प्रवाळावर चढते.

साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात. पण समुद्र बिघडायला 26 तारखेची वाट पाहत नाही. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक दगावले. मेच्या शेवटच्या पंधरवड्यात म्हणूनच बेत आखू नये, परवानगी असली तरी.

नौदलातून जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली गुलदार ही युद्धनौका मालवणच्या दक्षिणेला निवतीजवळ बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची राज्याची योजना आहे. निवतीचा समुद्र मालवणच्या खडपांसारखा आडोशाचा नाही, आणि प्रशिक्षण न घेतलेल्याला 12 मीटरखाली नेत नाहीत. ही नौका नीट पाहायची तर स्कूबाचे प्रमाणपत्र आधी घ्यावे लागेल.