जुना इंटेल संगणक लिनक्सचा पेनड्राइव्ह का नाकारतो?

पेनड्राइव्हवर लिनक्स लिहिले, संगणक सुरू केला आणि काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहिला, की बहुतेकजण आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची पूर्ण डिस्क सामावणारी एकच फाइल) पुन्हा डाउनलोड करतात. त्याआधी फाइलचा शा-२५६ चेकसम, म्हणजे तिच्यातल्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, त्या लिनक्स वितरणाच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. जुळला तर फाइल शाबूत आहे आणि पुन्हा डाउनलोड करून काही बदलणार नाही. अशा वेळी बहुधा गोची असते ती फर्मवेअरची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या, त्यातच बसवलेल्या प्रोग्रामची. त्या क्षणी लिनक्स सुरूच झालेले नसते. मदरबोर्डवरचे फर्मवेअर एका ठरावीक जागी एक ठरावीक गोष्ट शोधत असते, आणि ती तिथे नसली की हात टेकते. म्हणून आपले यंत्र नेमके काय शोधते, हे आधी ठरवावे.

फर्मवेअर दोन प्रकारचे: जुने बायोस आणि नंतरचे ईएफआय. बायोस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला तुकडा, वाचते. तो ५१२ बाइटांचा असतो: ४४६ बाइट बूट कोड, ६४ बाइट पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) आणि शेवटी हेक्समध्ये (१६ पायाच्या अंकपद्धतीत) ५५ एए ही दोन बाइटांची खूण. ही खूण नसली तर बायोस पुढे जात नाही. ईएफआय मात्र फॅट पद्धतीच्या पार्टिशनमध्ये ईएफआय नावाचा फोल्डर, त्यात बूट हा फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची फाइल शोधते. ६४ बिट ईएफआयसाठी ती ‘बूटएक्स६४’, ३२ बिटसाठी ‘बूटआयए३२’.

एकाच आयएसओत दोन्ही सोयी मावतात त्या एका जुन्या मोकळ्या जागेमुळे. आयएसओ ९६६० या सीडीच्या मांडणीत सुरुवातीचे २,०४८ बाइटांचे १६ सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट, राखीव पण रिकामे असतात. हायब्रिड, म्हणजे सीडी आणि पेनड्राइव्ह दोन्हींवरून चालणारी, आयएसओ बनवणारे तिथे बायोससाठीचा पहिला सेक्टर बसवतात. म्हणूनच आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर साधी कॉपी करून भागत नाही, ती पहिल्या बाइटापासून जशीच्या तशी उतरवावी लागते. लिनक्समध्ये डीडी ही बाइट जसेच्या तसे उतरवणारी कमांड वापरताना लक्ष्य पूर्ण उपकरण हवे: एसडीबी, त्यातले पहिले पार्टिशन एसडीबी१ नव्हे. एसडीबी१ दिले तर बूट सेक्टर पार्टिशनच्या आत जाऊन पडतो आणि बायोसला दिसत नाही. उपकरणाचे नाव आधी एलएसबीएलके कमांडने तपासा, कारण इथे चूक झाली तर भलतीच डिस्क पुसली जाते. रूफस या पेनड्राइव्ह लिहिणाऱ्या विंडोज प्रोग्राममध्ये आयएसओ पद्धतीने लिहिलेला पेनड्राइव्ह चालला नाही, तर तोच डीडी पद्धतीने लिहून पाहावा.

बायोसच्या खोडीही ध्यानात ठेवाव्या लागतात. काही बायोस पेनड्राइव्हला हार्ड डिस्क समजतात आणि त्याचे नाव ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज’ या आतल्या यादीत ठेवतात. तिथे तो वर आणल्याशिवाय बाहेरचा बूट क्रम बदलून उपयोग नसतो. काहींना पार्टिशन टेबलात एक तरी पार्टिशन ‘अॅक्टिव्ह’ लागते, म्हणजे त्या नोंदीचा पहिला बाइट हेक्समध्ये ८० हवा. आणि यूएसबीवरून बूट करणे मुळातच येत नसेल, तर प्लॉप बूट मॅनेजर सीडीवर घेऊन त्यातून पेनड्राइव्ह निवडता येतो. त्यात यूएसबीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे.

मेनू दिसला आणि गाडी त्यापुढे अडली, तर संशय प्रोसेसरवर. ‘एक्स८६-६४ सीपीयू हवा, पण आय६८६ सापडला’ अशा अर्थाचा संदेश आला तर ३२ बिट आवृत्तीच घ्यावी लागेल. डेबियनमध्ये ३२ बिट इन्स्टॉलर २०२३ च्या आवृत्ती १२ पर्यंत मिळतो, १३ मध्ये तो नाही. पेंटियम एमच्या सुरुवातीच्या मॉडेलांत पीएई (४ जीबीपेक्षा जास्त मेमरी हाताळण्याची) ही क्षमता असूनही प्रोसेसर ती जाहीर करत नाही. तिथे मेनूतल्या बूट ओळीत ‘फोर्सपीएई’ जोडावे. पडदा काळा पडला तर ‘नोमोडसेट’.

२०१३ च्या सुमारास आलेल्या बे ट्रेल अॅटम टॅब्लेटांची अडचण वेगळीच. त्यांचा प्रोसेसर ६४ बिट, पण फर्मवेअर ३२ बिट. त्यामुळे ते ‘बूटएक्स६४’कडे ढुंकूनही पाहत नाही. ३२ बिट ईएफआयवरून ६४ बिट कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू करण्याची सोय लिनक्स ३.१५ मध्ये, २०१४ साली आली. फेडोराने आवृत्ती २७ पासून ३२ बिट ईएफआयची सोय केली आहे, व्हेंटॉय या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या साधनातही ती आहे. बसवताना मात्र डिस्कवर ग्रबची (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) ३२ बिट ईएफआय आवृत्तीच जायला हवी, नाहीतर इन्स्टॉलर सुरळीत संपतो आणि पुढच्या वेळी यंत्र उठतच नाही. फर्मवेअर किती बिटचे, हे ईएफआय पद्धतीने सुरू झालेल्या लिनक्समध्ये ‘सिस’ फोल्डरातल्या फर्मवेअर, त्यातल्या ईएफआय फोल्डरात ‘एफडब्ल्यू प्लॅटफॉर्म साइज’ या फाइलमध्ये लिहिलेले असते: ३२ किंवा ६४.

सर्वांत हट्टी म्हणजे २००६ पासूनचे पहिले इंटेल मॅक. त्यांचे ईएफआय ३२ बिट आहे आणि बायोसची नक्कल करताना ते पेनड्राइव्ह घेत नाहीत, डीव्हीडी लागते. ती घातली की पडद्यावर ‘सिलेक्ट सीडी-रॉम बूट टाइप’ अशी ओळ येते, खाली १ आणि २ हे पर्याय, आणि कीबोर्ड ढिम्म. कोणतेही बटण दाबा, काही होत नाही. डिस्कवर बायोस आणि ईएफआय अशा दोन बूट नोंदी आहेत म्हणून हा प्रश्न विचारला जातो. ईएफआयची नोंद पुसली की प्रश्नच उरत नाही, आणि हे काम सोपे आहे.

सीडीवरच्या बूट नोंदी १९९५ च्या एल टोरिटो मानकाप्रमाणे लिहिलेल्या असतात. सेक्टर २,०४८ बाइटांचा. शून्यापासून मोजल्यास १७ वा सेक्टर, म्हणजे आयएसओ फाइलमधला ३४,८१६ वा बाइट, हेक्स एडिटरमध्ये उघडा. तिथे ‘एल टोरिटो स्पेसिफिकेशन’ ही रोमन अक्षरे स्पष्ट दिसतात. त्या सेक्टरच्या ७१ व्या बाइटापासूनचे चार बाइट म्हणजे बूट कॅटलॉगचा पत्ता, लहान बाइट आधी अशा उलट क्रमाने. समजा, तिथे ३९ ०१ ०० ०० आहे. उलटवून हेक्स १३९, म्हणजे ३१३. त्याला २,०४८ ने गुणले की ६,४१,०२४. कॅटलॉग इथून सुरू होतो आणि त्यात प्रत्येक नोंद ३२ बाइटांची असते. पहिली पडताळणीची, दुसरी बायोसची, आणि ६४ व्या बाइटापासून ईएफआयचा भाग. त्याचा पहिला बाइट हेक्समध्ये ९० किंवा ९१ आणि पुढचा ईएफ असायला हवा. नसेल तर हिशेब चुकला आहे, पुढे जाऊ नका.

जुळले तर फाइलची एक प्रत करून, त्या प्रतीत ६,४१,०८८ पासून पुढचे १,९८४ बाइट शून्याने भरा. सेक्टर तिथे संपतो. डीडीने हे करायचे तर ‘नोट्रंक’ हा पर्याय विसरू नका. तो नसेल तर डीडी फाइल तिथेच कापून टाकते आणि शेकडो मेगाबाइटांची डिस्क जेमतेम ६२८ किलोबाइटांची उरते. चेकसम अर्थातच बदलेल, म्हणून तो आधीच तपासलेला हवा.

ही फाइल कोऱ्या डीव्हीडीवर प्रतिमा म्हणून, कमी वेगाने लिहा. एकथरी डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. हल्लीची मोठी डेस्कटॉप आयएसओ त्यात बसत नाहीत, डेबियनची नेट-इन्स्टॉल सहज बसते. तिला इंटरनेट लागते, त्यामुळे वायफायच्या भरवशावर न राहता केबल जोडा. घड्याळही पाहून घ्या: मदरबोर्डवरची बॅटरी संपली असेल तर तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि इन्स्टॉलर पॅकेजच्या याद्या नाकारतो.

मॅक सुरू करताना ऑप्शन बटण दाबून धरा. यादीत डीव्हीडी ‘विंडोज’ नावाने दिसते. बायोस पद्धतीच्या कोणत्याही डिस्कला मॅक तेच नाव देतो, ती निवडा. हार्ड डिस्कवर जीपीटी या नव्या पद्धतीचे पार्टिशन टेबल ठेवणार असाल तर ग्रबसाठी १ मेगाबाइटचे ‘बायोस बूट’ पार्टिशन लागते. बसवून झाल्यावर मॅक दर वेळी पांढऱ्या पडद्यावर अर्धा मिनिट थांबतो, कारण आधी तो ईएफआयचीच फाइल शोधत बसतो. मॅकओएसच्या डिस्कवरून सुरू करून टर्मिनलमधल्या ब्लेस कमांडला ‘लेगसी’ पर्याय दिला, की हे थांबणेही जाते.