बनवाबनवीला हात लावाल तर खबरदार!

'अशी ही बनवाबनवी'चा रिमेक काढायचा, असं चारचौघांत नुसतं म्हणून बघा. आजीपासून नातवापर्यंत सगळे अंगावर येतील. गंमत म्हणजे १९८८ चा हा सिनेमा स्वतःच रिमेक आहे. भाड्याच्या खोलीसाठी मित्रांनी बाईचा वेश घ्यायचा, ही कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये १९६६ सालीच येऊन गेली होती. तरी मूळ सिनेमाची वाट लावली म्हणून सचिन पिळगावकरांना बोल लावणारा मराठी माणूस शोधावाच लागेल. आपल्यापर्यंत जे आधी पोचलं, ते आपलं 'ओरिजिनल'!

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये लोकांना चिनी वळणाची अनोळखी चिन्हं दाखवली. काही एकदाच, काही तब्बल २५ वेळा. मग यांचा अर्थ चांगला असेल की वाईट, ते ओळखायला सांगितलं. जी चिन्हं जास्त वेळा डोळ्यांखालून गेली होती, त्यांना लोकांनी चांगला अर्थ बहाल केला. कारण काही नाही, नुसती ओळख! मग टीव्हीवर लागेल तेव्हा पाहून संवादांसकट पाठ झालेल्या सिनेमाचं काय सांगावं?

त्यात वयाची भर. पन्नाशी उलटलेल्यांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींची गर्दी होते. शिवाय आठवण कपाटातल्या कॅसेटसारखी जशीच्या तशी राहत नाही. मेंदू ती दर वेळी नव्याने जुळवतो, आणि रटाळ भाग बहुधा गळून जातात. रिमेकची गाठ पडते ती या साफसूफ केलेल्या सिनेमाशी.

पण म्हणून प्रत्येक तक्रार 'तुमचं आपलं जुनं ते सोनं' म्हणून उडवून लावायची, हे मला पटत नाही. 'द लायन किंग' घ्या. १९९४ च्या चित्रातला सिंह भुवया उंचावायचा, रडवेला व्हायचा. २०१९ च्या रिमेकमधला सिंह हुबेहूब खरा, आणि खऱ्या सिंहाला माणसासारखं तोंड पाडता येत नाही. बापाच्या मरणाच्या प्रसंगात पिल्लाचा, म्हणजे सिंबाचा, चेहरा बराचसा कोराच राहिला. ही उणीव पडद्यावरचीच होती, प्रेक्षकांच्या आठवणीतली नव्हे.

तरीही त्या सिनेमाने जगभरात १६० कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला. बालपणीच्या ज्या ओढीने लोक नावं ठेवत बाहेर पडले, त्याच ओढीने त्यांनी मुलाबाळांसकट तिकिटं काढली होती. त्यांतल्या कित्येक पोरांनी सिंबा पहिल्यांदा पाहिला तो हाच.