खराट्यापासून शोषखड्ड्यापर्यंत: विदर्भातल्या मुलींच्या सेवेची पार्श्वभूमी
सप्ताह बसायचा असला की देऊळ आणि पार झाडायला गावातल्या मुलींना बोलावणं येतंच. या सेवेमागची दोन मोठी नावं अमरावती जिल्ह्यातली. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की दिवसा खराटा हाती घेत, कीर्तन रात्री. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि सामुदायिक प्रार्थनेला ग्रामसफाईची जोड दिली. त्यांच्या ग्रामगीतेत ‘महिलोन्नती’ हा स्वतंत्र अध्यायच आहे. पुढे २०००-०१ पासून सरकारनं गाडगेबाबांच्या नावानं स्वच्छता अभियान चालवलं. तपासणी समिती येणार म्हटलं की गाव चकाचक, ती गेली की उकिरडा पुन्हा जागेवर, हेही बऱ्याच ठिकाणी झालं.

या सेवेसाठी मुलींचा गट नव्यानं बांधावा लागत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईच्या गाण्यांना आणि खिरापत ओळखायला त्या रोज जमतातच. त्याच महिन्यात शोषखड्ड्यासाठी, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यासाठी, जागा हेरून ठेवावी आणि काकडा सुरू झाला, पाऊस थांबला की काम काढावं. जानेवारीनंतर दहावी-बारावीच्या मुली मिळत नाहीत.

टिकणारं काम म्हणजे हापशीजवळचा शोषखड्डा. नुसतं झाडून सांडपाण्याचं डबकं आणि डास जात नाहीत. खड्डा चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर जाड गिट्टी. तोंडाशी बुडाला भोकं पाडलेलं मडकं बसवायचं आणि त्यात नारळाच्या शेंड्या भरायच्या, म्हणजे राख, शेवाळ, भाताची शितं तिथंच अडतात. शेंड्या महिन्याला धुवाव्यात. खड्डा तुंबतो तो बहुधा हे राहून गेल्यामुळंच.

दुसरी अडचण आपल्या काळ्या मातीची. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरूच देत नाही. म्हणून आधी फूटभर खोदून बादलीभर पाणी ओतावं. सकाळपर्यंत ते तसंच उभं असेल तर मुरूम लागेपर्यंत खोल जावं, नाहीतर जागा बदलावी. विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब राहावं, उताराच्या वरच्या अंगाला तर खड्डा नकोच. काळ्या मातीच्या भिंती ढासळतात, म्हणून कमरेपेक्षा खोल खोदकाम मोठ्या माणसांकडे द्यावं. जागा तपासणं, दगड-विटा वेचणं, थर लावणं आणि पुढची निगा मुलींकडे.

पाळीच्या चार दिवसांत देवळात न जाणाऱ्या मुलीलाही इथं अडचण नाही, काम देवळाबाहेरचंच आहे. गाडगेबाबांचंही बरंचसं तिथंच चालायचं.

निगेची पाळी मात्र भुलाबाईच्या गटातल्याच दोघीदोघींना नावानिशी लावून द्यावी. ‘सगळ्यांनी बघा’ म्हटलं की दोन महिन्यांत मडक्यावर शेवाळ चढतं.