तुमची जुनी खोली, एका फुटाला एक इंच

आम्ही चाळीतल्या जुन्या खोल्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवतो. चाळ रिकामी झाली की लोक आमच्याकडे येतात. खरं तर थोडं आधी यावं. सामान हलवण्यापूर्वी तासभर टेप लावून मापं घेतली, की आमचं निम्मं काम झालं. निघताना भिंतीचा एखादा पोपडाही कागदात बांधून आणा. चुन्यात नीळ किती घालायची हे घराघरांत वेगळं असे, त्यामुळे रंग नुसत्या सांगण्यावरून जुळत नाही.

आम्ही फुटाला इंच धरतो. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली या हिशेबाने टीपॉयवर मावते. गॅलरी हवी असेल तर जागा वाढवून धरा.

खोली पडून गेली असली तरी अडत नाही. जुने फोटो आणा. फोटो बारशाचा असतो, खोलीचा नसतो. पण मागे गोदरेजचं कपाट दिसतं. ते साधारण साडेसहा फुटी, मग त्याच भिंतीतल्या खिडकीचं माप त्यावरून काढता येतं. शिवाय भावंडांना वेगवेगळं बसवून नकाशा काढायला सांगा. मोरीवर सगळ्यांचं एकमत होतं, शोकेसवरून वाद होतात. त्यात आम्ही पडत नाही. शेवटचा शब्द कुणाचा, ते ऑर्डरच्या वेळीच लिहून द्या.

तयार खोली बघून बरेच जण म्हणतात, "एवढीशीच होती?" माप बरोबरच असतं, तेव्हा आपण अडीच-तीन फुटांचे होतो. आठवणीएवढी मोठी वाटायला हवी असेल तर सामान लहान करावं लागतं, आणि बारीक भांड्यांची मजुरी जास्त पडते.

दारं-खिडक्या सागवानी पट्ट्यांच्या. शहाबादी फरशी आणि कडाप्प्याचा ओटा मात्र रंगवलेल्या पुठ्ठ्याचा, कारण खरा दगड जड होतो. दिवा पिवळ्या एलईडीचा. स्टोव्हमागची काजळी हवी की नको ते सांगा. मुलं हवी म्हणतात, आया नको म्हणतात.

मुंबईच्या पावसात पुठ्ठा ओल धरतो. म्हणून तळाला मरीन प्लाय आणि वरून अ‍ॅक्रिलिकची पेटी देतो. आत सिलिका जेलची पुडी असते, ती जून ते सप्टेंबर महिन्याला बदला. ऊन लागेल तिथे ठेवू नका. धूळ मऊ ब्रशने झटका, ओलं फडकं नको.

कामाला दोन महिने लागतात, निम्मी रक्कम आगाऊ. गणपतीला हवी असेल तर मे महिन्यातच सांगा.

माणसांच्या बाहुल्या आम्ही करत नाही. दाराबाहेरच्या चपला करतो. किती जोड, तेवढं कळवा.