सायकल प्रसार व सामूहिक सायकल उपक्रम (खानदेश)

शहरातील रोजचा प्रवास, व्यायाम आणि विरंगुळा यांसाठी सायकलीचा वापर वाढावा म्हणून नागरिक, संस्था आणि स्थानिक प्रशासन जे प्रयत्न करतात, त्यांना एकत्रितपणे सायकल प्रसार म्हणतात. सायकल फेरी, ठरावीक वारी निघणारी सामूहिक सफर, वेळेची मर्यादा घातलेली लांब पल्ल्याची मोहीम, सायकलवरून काढलेली तीर्थयात्रा आणि काही तासांपुरता मोटारींना बंद केलेला रस्ता हे त्याचे प्रचलित प्रकार होत. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, या चळवळीचे स्वरूप थोडे गुंतागुंतीचे आहे. गरजेपोटी सायकल चालवणारा वर्ग येथे रस्त्यावरून कधीच पूर्णपणे हटला नव्हता; तो असतानाच हौसेने चालवणारा दुसरा वर्ग तयार झाला आणि या दोघांची गाठ अजूनही क्वचितच पडते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशातील कामगारवस्त्यांचे वाहन सायकल हेच होते. भुसावळची रेल्वे, वरणगाव व भुसावळ येथील आयुध निर्माणी, जळगाव व अमळनेर येथील कापड गिरण्या यांची पाळी सुटली की काळ्या, बावीस किंवा चोवीस इंची सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई. महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणे येथेही नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर आकारीत आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. रात्री बत्ती नसली किंवा कोणी डबलसीट बसलेला आढळला तर पोलीस अडवीत. ज्याला सायकल विकत घेणे परवडत नसे, त्याला ती सायकल मार्टमधून तासाच्या भाड्याने मिळे. उंची पुरत नसलेली मुले दांडीखालून पाय घालून, कैची मारत, भाड्याच्या सायकलीवरच शिकत. शहरांत आज ज्या सार्वजनिक सायकल योजनांचा नवी कल्पना म्हणून गौरव होतो, त्यांचे काम ही दुकाने विनाअनुदान करीत होती, हे नोंदवणे आवश्यक आहे.

सामूहिक सायकल कार्यक्रमाचे जुने देशी रूपही याच काळातले आहे. गावात एखादा सायकलपटू येई, चौकात गोल आखून घेई आणि पाय जमिनीला न टेकवता सलग काही दिवस, बहुधा सात दिवस, सायकल फिरवत राही. तो जेवे, आंघोळ करी, कपडे बदली, सारे सायकलीवरच. रात्री लाउडस्पीकरवर गाणी लागत, कसरती होत, आणि शेवटच्या दिवशी गावकरी बक्षिसाची रक्कम गोळा करून त्याला खाली उतरवीत. या खेळाचा हेतू सायकलीचा प्रसार हा नव्हता, तो त्या माणसाच्या पोटाचा उद्योग होता. तरीही सायकलीभोवती सगळे गाव जमवण्याची ताकद पुढे फार थोड्या आयोजित फेऱ्यांना साधली.

मोपेड आणि पुढे हप्त्यावर मिळणारी मोटारसायकल आल्यावर चित्र पालटले. सायकल ही न्यूनतेची खूण ठरली आणि ती चालवणारा म्हणजे दुधवाला, पेपरवाला, पहारेकरी, फेरीवाला किंवा शाळकरी मुलगी, असे समीकरण बसले. देशभर साध्या सायकलीची मागणीही घटत गेली. अ‍ॅटलस या जुन्या कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि ३ जून हाच जागतिक सायकल दिन आहे, या योगायोगाची त्या वेळी बरीच चर्चा झाली.

भूरचनेचा विचार करता खानदेश सायकलीला अनुकूल आहे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा यांच्यामध्ये तापीचे सपाट खोरे पसरले आहे. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, नंदुरबार या शहरांत अंतरे लहान आहेत आणि चढ नगण्य आहेत. धुळ्याची जुनी पेठ तर सायकलीसाठीच आखल्यासारखी वाटते. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे ठाण्याचे ठिकाण केल्यानंतर तेथे सरळ रस्त्यांची वस्ती वसवली गेली आणि तिथल्या गल्ल्या आजही नावांऐवजी क्रमांकांनी ओळखल्या जातात. प्रतिकूल गोष्टी मात्र तीन आहेत : ऊन, काटा आणि महामार्ग.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ परिसरातील पारा ४४-४५ अंशांपलीकडे जातो आणि सकाळी आठनंतर सायकल चालवणे त्रासाचे, दुपारी तर धोक्याचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला, तेव्हा अर्थातच खानदेशाचा विचार कोणाच्या मनात नव्हता. त्या दिवशी येथे पाऊस सुरू झालेला नसतो, उन्हाळा सरलेला नसतो, शाळांना सुट्टी असते आणि गावाकडचा माणूस खरिपाच्या तयारीत गुंतलेला असतो. त्यामुळे ३ जूनची फेरी बहुधा शासकीय कर्मचारी, क्रीडा विभाग आणि मोजके हौशी यांच्यापुरती उरते. खानदेशाचा खरा सायकल-हंगाम दिवाळीपासून शिवजयंतीपर्यंतचा, थंडीचा असतो.

काट्याचा प्रश्न बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतो. शेतरस्त्यांवर आणि रस्त्याच्या कडेला सराटे पसरलेले असतात, वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून टाकलेल्या असतात, आणि अरुंद टायरची महागडी सायकल डांबराची कड सोडून जरा खाली उतरली की पंक्चर ठरलेले. म्हणून येथील जाणते सायकलपटू जोडीला एक जास्तीची ट्यूब, हातपंप आणि टायर काढण्याचे पाने बाळगतात. कोणी ट्यूबमध्ये छिद्र बुजवणारे द्रावण भरून ठेवतो. मोठ्या सफरीआधी पंक्चर काढण्याचे प्रात्यक्षिक घेणे हा येथील उपक्रमांचा एक उपयुक्त भाग झाला पाहिजे. प्रत्यक्षात वेळ भाषणांत जातो.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. सुरत-नागपूर मार्ग, म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ व आताचा ५३, खानदेशातून पूर्व-पश्चिम जातो आणि धुळ्याजवळ त्याला मुंबई-आग्रा महामार्ग छेदतो. जळगावात तर तो शहराच्या अंगातून गेलेला आहे. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली या ठिकाणी शाळेला, शिकवणीला किंवा कामाला जाणाऱ्या सायकलस्वाराला अवजड वाहनांच्या रांगेतून वाट काढावी लागत आली. महामार्गालगत समांतर रस्ते व्हावेत या मागणीसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. त्या आंदोलनांना कोणी सायकल चळवळ म्हटले नाही, पण शहरातील सायकलस्वाराच्या दृष्टीने त्यांच्याइतके महत्त्वाचे काम दुसऱ्या कोणत्याही फेरीने केलेले नाही. कापसाच्या आणि उसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. तेव्हा पहाटेच्या अंधारात निघणाऱ्या सायकलीला मागे लाल दिवा व परावर्तक पट्टी लावणे अपरिहार्य ठरते.

सामूहिक फेरीची रीत आता बरीच ठरून गेली आहे. आयोजक आधी मार्ग नक्की करतात आणि पोलीस ठाण्याची व वाहतूक शाखेची परवानगी घेतात. जळगावात शिवतीर्थ मैदान किंवा मेहरूण तलावाचा परिसर अशी मोकळी जागा जमण्यासाठी सोयीची असते, कारण पहाटे फिरायला येणाऱ्यांची तिथे आधीच वर्दळ असते. फेरी साडेसहाच्या सुमारास निघाली तर आठपर्यंत आटोपते. मुलांसाठी पाच ते दहा किलोमीटर आणि प्रौढांसाठी वीस-पंचवीस किलोमीटर हे अंतर पुरेसे मानतात. निघण्यापूर्वी ब्रेक, हवा, चेन आणि सीटची उंची तपासली जाते. सर्वांत पुढे वेग आवरून चालणारा एक अनुभवी स्वार असतो आणि सर्वांत मागे, कोणी एकटा पडू नये म्हणून, दुसरा. मधल्या चौकांत स्वयंसेवक वाहने थांबवून ठेवतात. सगळ्यांनी रस्त्याची डावी बाजू धरावी, दोनपेक्षा अधिक जणांनी शेजारी शेजारी चालू नये आणि खड्डा किंवा गतिरोधक दिसताच पुढच्याने मागच्यास हात करून सावध करावे, हे नियम सुरुवातीसच सांगितले जातात. अल्पोपाहारासाठी येथे फारसे डोके चालवावे लागत नाही. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे केळे स्वस्त, सोललेले नसल्याने स्वच्छ आणि लगेच ऊर्जा देणारे असते. साली गोळा करायला एक पोते ठेवले की झाले. फेरी संपल्यावर मुलांना न्यायला पालक मोटारी घेऊन येतात, हा प्रकार मात्र अनेक ठिकाणी दिसतो आणि आयोजकांनाही त्याचे काही वाटेनासे झाले आहे.

फेरीशिवाय रविवारच्या नियमित सफरी हा अधिक टिकाऊ प्रकार आहे. जळगावहून शिरसोली मार्गावरील गांधीतीर्थ किंवा बहिणाबाई चौधरींचे माहेर असलेले असोदे गाव ही नवशिक्यांना झेपणारी अंतरे आहेत. धुळ्याहून मुंबई-आग्रा मार्गावरील लळिंगचा किल्ला अथवा उत्तरेकडील सोनगीर येथपर्यंत जाऊन परतता येते. थोडी सवय झालेले गट एरंडोलजवळच्या पद्मालयाला किंवा तापी-पूर्णा संगमावरील चांगदेवला जातात. चढाचा सराव हवा असलेल्यांना चाळीसगावजवळचा औट्रम घाट आहे, आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ, सुमारे ११५० मीटर उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण, तर कसलेल्यांचीही परीक्षा घेते. सातपायरी घाटाची वळणे चढताना बहुतेकजण निदान एकदा तरी उतरतात. हिवाळ्यात अशा सफरीचा शेवट कित्येकदा एखाद्या शेतात होतो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी हे जेवण ठरले असेल तर सफरीला येणाऱ्यांची संख्या वाढते, त्यात नवल नाही.

लांब पल्ल्याच्या प्रकारांत ब्रेव्हे हा प्रमुख आहे. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार होणाऱ्या या मोहिमांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करावयाचे असतात. ही शर्यत नसते. क्रमांक काढले जात नाहीत, आणि वाटेत बिघाड झाल्यास तो स्वतःच दुरुस्त करावा लागतो. शेजारच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार ओलांडण्याची सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केल्यापासून उत्तर महाराष्ट्रात या वाटेला लागलेल्यांत डॉक्टर मंडळी लक्षणीय आहेत. पदयात्रेची परंपरा असलेल्या या भागाला दूरच्या प्रवासाचे अप्रूप तसे नवे नाही. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला जाते आणि चैत्रात खानदेशातून सप्तशृंगगडाकडे पायी निघणाऱ्यांची रीघ लागते. सायकल वारी ही त्याच सवयीची नवी शाखा म्हणता येईल.

सायकल वापरणाऱ्यांची संख्या प्रत्यक्षात वाढवणारा मोठा उपक्रम मात्र फेरीचा नसून शासकीय योजनेचा आहे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. साडेतीन हजार रुपयांची ही रक्कम २०२२ मध्ये पाच हजार करण्यात आली. एसटी चुकली म्हणून शाळा सोडण्याची वेळ टळणे हा तिचा मुख्य लाभ होय. शहरी फेऱ्यांच्या छायाचित्रांत या मुली सहसा दिसत नाहीत. त्यांची सायकल बिनगिअरची आणि पुढे बास्केट असलेली असते, आणि रविवारी सकाळी त्यांना घरी किंवा शेतात कामे असतात.

मोटारींना रस्ता बंद ठेवण्याच्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण कोलंबियातील बोगोटा शहराचे आहे. तेथे १९७४ पासून ही प्रथा असून दर रविवारी व सुट्टीच्या दिवशी शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते सायकलस्वार व पादचाऱ्यांना मोकळे असतात. खानदेशातील शहरांत एवढे लांब रस्तेच नाहीत, आणि बाजारपेठेतील रस्ता बंद करायचा म्हटला की व्यापाऱ्यांचा विरोध ठरलेला. मात्र तलाव किंवा नदीकाठचा एखादा किलोमीटर आठवड्यातून एकदा मोकळा ठेवणे अवघड नाही. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या हालचालीला प्राधान्य देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. जळगाव व धुळे येथे २००३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाल्या; रस्त्यांची आखणी, त्यांवरील अतिक्रमणे आणि वाहनतळ हे विषय त्यांच्या अखत्यारीत येतात. सायकल मार्गापेक्षाही आधी लागते ती सुरक्षित उभी करण्याची जागा. बसस्थानक, न्यायालय, भाजी बाजार आणि महाविद्यालये येथील स्टँडवर सायकलीला मोटारसायकलींच्या मागे, भिंतीशी कोपरा मिळतो आणि काढताना चार मोटारसायकली हलवाव्या लागतात.

दुरुस्तीची व्यवस्था हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. चाकाचा आउट काढणारे, छर्रे बदलून ग्रीस भरणारे, तारा आवळून रिम सरळ करणारे जुने कारागीर सायकल मार्ट बंद पडल्यावर मोटारसायकलींच्या पंक्चरकडे वळले. गिअर आणि डिस्क ब्रेकच्या सायकली आल्या तेव्हा त्यांचे सुटे भाग व विशेष पाने या कारागिरांकडे नव्हते, आणि विक्रेत्यांच्या मोठ्या दालनांना साध्या सायकलीच्या वीस रुपयांच्या कामात रस नव्हता. त्यामुळे घरोघरी जिन्याखाली किरकोळ बिघाडाने अडलेल्या सायकली उभ्या आहेत. काही ठिकाणी फेरीच्या आदल्या दिवशी एखाद्या जुन्या मिस्त्रीला मैदानावर बसवून मोफत तपासणी ठेवली जाते. तेव्हा हौशी स्वाराच्या महागड्या सायकलीमागे दुधवाल्याची कॅन टांगलेली सायकलही रांगेत येऊन उभी राहते.