वाजणारं स्लीट, न वाजणारा फ्रीझिंग रेन

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत संक्रांतीचं हळदीकुंकू जानेवारीच्या शेवटच्या नाहीतर फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी ठरतं, आणि टेक्ससमध्ये थंडीची लाट यायचीही हीच वेळ. बुधवारपासून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा सुरू होते, "शनिवारचं काय करायचं?" फोनवरचं हवामानाचं अ‍ॅप ‘विंट्री मिक्स’ एवढंच सांगतं. त्या दोन शब्दांत स्लीट (बर्फाचे टणक दाणे) आणि फ्रीझिंग रेन (जिथे आदळतो तिथेच गोठणारा पाऊस) अशा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. स्लीट नुकतं पडायला लागलं असेल, दिवस असेल आणि जायचं ठिकाण जवळचं असेल, तर जपून जाता येतं. फ्रीझिंग रेन असेल तर अंगणातल्या पायऱ्यासुद्धा उतरू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

गोंधळ होतो, कारण दोघांचा जन्म एकाच पद्धतीने होतो. कॅनडाकडून मैदानांवरून घसरत आलेली आर्क्टिक हवा जड असते, ती जमिनीलगत पसरते. तिच्या डोक्यावरून मेक्सिकोच्या आखातावरची उबदार, दमट हवा वर चढते. ढगातला बर्फाचा कण या उबदार थरातून पडताना वितळतो आणि त्याचा थेंब होतो. पुढचं सगळं खालचा गार थर किती जाड आहे यावर ठरतं. थर जाड असेल तर थेंबाला वाटेतच गोठायला वेळ मिळतो आणि जमिनीवर टणक दाणा पोचतो. ते स्लीट. थर पातळ असेल तर थेंब 32 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे शून्य सेल्सिअसच्या, खाली जाऊनही पाणीच राहतो. पाण्याला गोठायला काहीतरी आधार लागतो, आणि तो आधार त्याला फांदीवर, विजेच्या तारेवर किंवा पुलावर आदळल्यावर मिळतो. मग तो तिथेच पसरून बर्फ होतो. तो फ्रीझिंग रेन.

स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचं तर स्लीट म्हणजे ओट्यावर सांडलेला साबुदाणा, आणि फ्रीझिंग रेन म्हणजे पक्क्या पाकात बुडवून काढलेला चिरोटा. माझी आई इथे आली असताना पहिल्यांदा स्लीट पडलं, तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "अगं, गारा कशा पडतायत बघ!" दिसायला तसंच असतं. पण गार ही गडगडाटी ढगाची लेक. वाऱ्याच्या उसळीने ती ढगात उंच फेकली जाते आणि तिच्यावर थरावर थर चढतात, हलव्याच्या दाण्यावर पाक चढतो तसे. म्हणून आपल्याकडे वळवाच्या पावसात गारा पडतात आणि इथे एप्रिल-मे महिन्यांत पडून छपरं फोडतात. स्लीटचा दाणा छोटाच राहतो, कारण तो एकाच थेंबाचा असतो.

ओळखायची सगळ्यात चांगली खूण आवाज आहे. स्लीट काचेवर, गाडीच्या टपावर तडतड वाजतं आणि उडी मारून बाजूला पडतं. फ्रीझिंग रेन साध्या पावसासारखाच ऐकू येतो, आणि भुरभुर असेल तर ऐकूही येत नाही. दुसरी खूण झाडाची बारीक फांदी. फांदी हलवल्यावर दाणे खाली झडले तर स्लीट. फांदीवर काचेसारखं पारदर्शक आवरण असेल आणि टोकाला छोटा सुळा लटकत असेल, तर गाडीची किल्ली परत खुंटीला लावावी. स्लीटने रस्ता पांढरा दिसतो, म्हणून माणूस आपोआप सावध होतो. फ्रीझिंग रेनचा रस्ता नुसता ओला दिसतो. मला खरी भीती वाटते ती याची.

11 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे फोर्ट वर्थमध्ये आय-35 डब्ल्यू महामार्गाच्या उंचावरच्या टोल लेनवर 130 हून अधिक वाहनं एकमेकांवर आदळली आणि 6 जण गेले. कामावर निघालेली माणसं होती, त्यांत रुग्णालयांत काम करणारेही होते. आकाशातून फार काही पडलंही नव्हतं, नुसती गोठणारी भुरभुर होती. पुलाला खालून जमिनीची ऊब मिळत नाही, वरून आणि खालून गार वारा लागतो, म्हणून तो साध्या रस्त्याच्या आधी गोठतो. डॅलसमध्ये तर पुलांवर पूल आहेत, हाय फाइव्ह इंटरचेंज पाच मजली आहे. घरासमोरचा रस्ता नुसता ओला आहे म्हणजे पुढचा फ्लायओव्हरही तसाच असेल, हा हिशेब इथे चुकतो.

स्लीट मात्र पहिल्या दिवशी बरं आणि दुसऱ्या दिवशी वाईट. डिसेंबर 2013 मध्ये इथे आधी फ्रीझिंग रेन आणि मग भरपूर स्लीट पडलं. गाड्यांच्या चाकांखाली ते दाबलं गेलं, थोडं वितळलं, पुन्हा गोठलं आणि महामार्गांवर दगडी फरसबंदीसारखे उंचवटे तयार झाले. त्याला नावच पडलं ‘कॉबलस्टोन आइस’. ट्रक अडकून पडले, आणि त्या रविवारची डॅलस मॅरेथॉन रद्द करावी लागली. म्हणून स्लीट थांबल्यानंतरच्या सकाळी "आता काही पडत नाहीये" म्हणून लांब निघू नये. दुपारच्या उन्हाने रस्ता मोकळा होईपर्यंत थांबावं.

शनिवार-रविवारी डॅलसहून ऑस्टिनला मित्रांकडे जाणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. गार हवेचा थर उत्तरेला जाड आणि दक्षिणेला पातळ होत जातो. त्यामुळे एकाच वादळात ओक्लाहोमात स्नो, डॅलसला स्लीट आणि वेको-ऑस्टिनकडे फ्रीझिंग रेन असं अनेकदा घडतं. घरून निघताना टपावर तडतड ऐकू येत असते आणि दक्षिणेकडे जाता जाता ती थांबते. आवाज थांबला म्हणजे हवा सुधारली, असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही स्लीटमधून फ्रीझिंग रेनमध्ये शिरलेले असता.

फ्रीझिंग रेन घरात बसलेल्यांनाही सोडत नाही. बर्फ पाव इंच जाड होईल असा अंदाज असला की हवामान खातं साधारणपणे ‘आइस स्टॉर्म वॉर्निंग’ देतं. तो शब्द दिसला की फोन, पॉवर बँक चार्ज करून ठेवावेत. फेब्रुवारी 2023 च्या सुरुवातीला ऑस्टिनमध्ये हेच झालं. तिथली लाइव्ह ओकची झाडं हिवाळ्यातही हिरवी असतात, त्यामुळे प्रत्येक पानावर बर्फ साचला, फांद्या मोडून तारांवर पडल्या आणि लाखाहून अधिक ग्राहकांची वीज गेली. 2021 च्या अंधाराशी याची गल्लत करू नये. तेव्हा राज्यभर वीजनिर्मितीच कमी पडली होती. दोन्ही वेळा घरं मात्र सारखीच गारठली, कारण गॅसच्या हीटरचा पंखाही विजेवरच चालतो. अशा वेळी उबेसाठी कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात, गॅरेजमध्ये अजिबात लावू नका. कार्बन मोनॉक्साइडने इथे माणसं दगावली आहेत.

नळाची बारीक धार सोडणं, बाहेरच्या नळाला टोपी घालणं, कढीपत्त्याची आणि तुळशीची कुंडी आत घेणं, ही कामं दोन्हींसाठी सारखीच. पाइप फुटतो तो तापमान किती खाली गेलं आणि किती वेळ राहिलं यावर, वरून काय पडलं यावर नाही.

मुलांसाठी स्लीट म्हणजे सण आहे. इथे कोणाकडे स्लेड नसते, म्हणून खोक्याचा पुठ्ठा नाहीतर कपड्यांची प्लॅस्टिकची बास्केट घेऊन सगळी कॉलनी तळ्याकाठच्या उतारावर जमते. स्लीटचा दाबलेला थर कोवळ्या स्नोपेक्षा जास्त घसरतो. हातमोजे घालून तासभर जरूर जावं. फक्त मोठ्या छपरांच्या कडेखाली उभं राहू नये. 2011 च्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, दोन दिवस आधी आर्लिंग्टनच्या स्टेडियमच्या छतावरून बर्फाच्या लाद्या घसरल्या आणि खाली काम करणारी माणसं जखमी झाली होती.

आमच्या गटात हळदीकुंकवाचा निर्णय आता शनिवारी सकाळी दहाला होतो. यजमानीण मागच्या अंगणातल्या क्रेप मर्टलच्या फांदीचा जवळून फोटो टाकते. फांदीवर काच दिसली, तर तिळगूळ डब्यात राहतो आणि कार्यक्रम पुढच्या रविवारी दुपारी.