दगडाला पाझर फुटतो तेव्हा

सिन्नरकडे मामांच्या मळ्यात विहिरीचं काम चालू होतं तेव्हा मी शाळेत होतो. वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण. सुरुंग उडाला की यारीने दगड वर यायचे आणि आम्ही पोरं त्या ढिगाऱ्यात गारगोट्या हुडकत बसायचो. एकदा एक दगड मधोमध फुटला, त्याच्या पोटात पोकळी आणि त्या पोकळीत फिकट गुलाबी स्फटिक, गव्हाची पेंढी कमरेला बांधावी तसे दोन्हीकडे पसरलेले. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे.

त्याला स्टिल्बाइट म्हणतात, झिओलाइट नावाच्या खनिजांच्या घराण्यातला. आपला नाशिकचा भाग या खनिजांसाठी जगभरात ओळखला जातो, सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये गेलात तर कळेल किती नमुने आहेत ते. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर त्या रिकाम्या जागांमधून गरम पाणी झिरपत राहिलं आणि हळूहळू हे स्फटिक तयार झाले. आणि होताना त्यांनी पाणी आत घेतलं. ओलावा म्हणून नाही, स्फटिकाच्या रचनेतच, म्हणजे हातात घेतला तर एकदम खडखडीत कोरडा लागणारा १०० ग्रॅमचा स्टिल्बाइट असेल तर त्यात १७-१८ ग्रॅम पाणी असतं!

मागच्या महिन्यात भाची आली होती, नववीला आहे. तिला म्हटलं चल दाखवतो. दुसऱ्या एका तुकड्याचा जरासा चुरा केला, टेस्ट ट्यूबमध्ये घातला, दोघांनी चष्मे लावले आणि ट्यूब आडवी धरून खालून स्पिरिटचा दिवा. थोड्या वेळात चुरा फुगल्यासारखा झाला, पांढरा पडला, आणि ट्यूबच्या थंड टोकाला आतल्या बाजूने धुकं धरलं, त्याचे बारीक थेंब झाले, दोन थेंब मिळून एक ओघळ खाली आला. १७५६ साली स्वीडनच्या क्रॉन्स्टेडने असंच काहीतरी बघून या खनिजांना नाव दिलं, झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. भाची बराच वेळ त्या ओघळाकडे बघत होती, मग म्हणाली, "मामा, मग समुद्राचं पाणीपण दगडातूनच आलंय का?"

मी हो म्हणालो, आणि हा लेख त्या एका "हो"साठी लिहितोय, कारण ते उत्तर मला फार आवडतं आणि ते दोन शब्दांत संपत नाही.

आधी हे की विश्वात पाण्याला तोटा नाही. हायड्रोजन सगळ्यात जास्त, ऑक्सिजन तिसऱ्या नंबरवर, त्यामुळे दोघांची गाठ पडतेच. ताऱ्यांच्या मधल्या अतिथंड ढगांत धुळीचे बारीक कण असतात, त्यांच्या पृष्ठभागावर हे अणू येऊन चिकटतात आणि तिथेच पाण्याचा रेणू बनतो, बर्फाच्या पापुद्र्यासारखा. तारकांमधल्या पाण्याच्या वाफेचे संकेत रेडिओ दुर्बिणीने पहिल्यांदा १९६९ मध्ये पकडले गेले. आपला सूर्य जन्मला तोही अशाच ढगातून.

मग अडचण कुठे आहे, तर पृथ्वी जिथे तयार झाली ती जागा सूर्याजवळची, गरम, तिथे बर्फ टिकत नाही. आणि तसं बघितलं तर पृथ्वी कोरडीच आहे. निळी दिसते खरी, पण पृथ्वीचं वजन १ किलो धरलं तर सगळ्या समुद्रांचं पाणी पाव ग्रॅमसुद्धा भरत नाही. पण तो पाव ग्रॅम आला कुठून? बरीच वर्षं सगळे धूमकेतूंचं नाव घ्यायचे. ते बर्फाचेच असतात, सरळ हिशोब. पण पाण्याला एक खूण असते. काही हायड्रोजन अणू जड असतात, त्यांना ड्युटेरियम म्हणतात, आणि साध्या-जड हायड्रोजनचं प्रमाण बघून पाणी कुठल्या गावचं ते ओळखता येतं. आपल्या समुद्रात साधारण ६४०० साध्या अणूंमागे एक जड. २०१४ मध्ये रोझेटा यान ६७पी धूमकेतूपाशी पोचलं तेव्हा तिथे हे प्रमाण आपल्या तिप्पट निघालं. त्याआधी २०११ मध्ये हार्टले-२ धूमकेतूचं जवळपास आपल्यासारखंच निघालं होतं. आणि २०२४ मध्ये ६७पीचेच आकडे परत तपासले तर असं दिसलं की धुळीमुळे ते फुगले असावेत. म्हणजे धूमकेतूंची केस अजून बंद झालेली नाही.

पण दगडांची केस जास्त भक्कम आहे असं माझं मत. कार्बनी उल्का म्हणून एक प्रकार असतो, त्यांच्यात चिकणमातीसारखी खनिजं असतात आणि त्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं, आणि त्याची खूण आपल्या समुद्राशी बरीच जुळते. त्याहून मोठा धक्का २०२० चा. एन्स्टटाइट कॉन्ड्राइट नावाच्या उल्का आहेत, पृथ्वी ज्या मालापासून बनली त्याच्याशी सगळ्यात मिळत्याजुळत्या, त्यांना सगळे कोरड्या समजत होते, पण मोजल्यावर त्यांच्यात इतका हायड्रोजन सापडला की तशा मालाची पृथ्वी बनली तर आत्ताच्या समुद्रांच्या निदान तिप्पट पाणी होऊ शकतं. म्हणजे पाणी बाहेरून नंतर आलंच पाहिजे असं नाही, ते घडणीच्या दगडातच असू शकतं. जुनं तर ते आहेच. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे, झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण सांगतात की ४४० कोटी वर्षांपूर्वीच इथे पाणी होतं, आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी!

खालीसुद्धा तेच. २०१४ मध्ये ब्राझीलच्या एका हिऱ्यात अडकलेला रिंगवुडाइट नावाच्या खनिजाचा सूक्ष्म कण सापडला, तो जमिनीखाली ४१० ते ६६० किलोमीटरच्या पट्ट्यातला, आणि त्याच्या वजनात दीड टक्क्याच्या आसपास पाणी. तिथे कुठलं तळं-बिळं नाहीये हां, पाणी दगडातच बांधलेलं आहे.

आता बेन्नू. हा अर्धा किलोमीटरचा लघुग्रह, त्याच्यावरची १२१.६ ग्रॅम माती-खडी २४ सप्टेंबर २०२३ ला पृथ्वीवर उतरली. जानेवारी २०२५ मध्ये तिचे जे निकाल आले ते मी दोनदा वाचले. पाणी धरलेली चिकणमाती तर आहेच, पण क्षारांची एक अख्खी मालिका आहे. आपल्याकडे बोअरचं पाणी बादलीत राहिलं की कडेला पांढरा थर धरतो ना, तसंच, खारं पाणी आटत गेलं आणि एकामागून एक क्षार खाली बसत गेले. त्यात ट्रोना आहे, म्हणजे आपल्या पापडखाराचा सख्खा भाऊ. याचा अर्थ बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे त्याच्या पोटात कधीकाळी खारट पाण्याची डबकी होती. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा, सजीव वापरतात त्या २० पैकी १४ त्या मातीत सापडली, डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं सापडली.

म्हणजे जीव सापडला का? नाही. अमिनो आम्लं डावी आणि उजवी अशा दोन घडणीची असतात, सजीव जवळजवळ फक्त डावी वापरतात, बेन्नूवर दोन्ही जवळपास सारखीच आहेत. माल आहे, बांधकाम नाही.

आणि बांधकाम का अवघड आहे ते सांगतो, कारण इथेच पाण्याबद्दलची आपली समजूत डळमळते. दोन अमिनो आम्लं जोडली जाताना त्यांच्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. आजूबाजूला पाणीच पाणी असेल तर तो बाहेर कसा पडणार? उलट झालेली जोडणीच पाणी तोडत जातं. पाण्याशिवाय रेणू एकमेकांना भेटत नाहीत आणि पाण्यात ते एकमेकांना धरून राहत नाहीत. म्हणून काही शास्त्रज्ञ समुद्रापेक्षा काठावर शोधतात, जिथे भिजणं आणि वाळणं आलटून पालटून चालतं. उन्हाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याखाली जाऊन बघा, गोदेच्या पात्रात काळ्या खडकाला खळगे पडलेत, पाणी उतरलं की त्यात जे राहतं ते आटत-आटत घट्ट होतं, कडेला चिकट थर धरतो, आणि एखादी वळवाची सर आली की परत पातळ. आटताना जोडणी, भिजताना भेटीगाठी. प्रयोगशाळेत असं ओलं-कोरडं करून छोट्या साखळ्या जुळवून दाखवल्यात. दुसरा गट समुद्रतळाच्या गरम झऱ्यांच्या बाजूचा आहे, २००० साली अटलांटिकमध्ये सापडलेलं लॉस्ट सिटी त्यांचं आवडतं ठिकाण, तिथे पाणी खडकाशी रासायनिक झटापट करतं आणि त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणजे फुकटची ऊर्जा. मला खळग्यांची बाजू पटते, पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, नुसत्या पाण्याने भागत नाही, दगड लागतो.

हे सगळं भाचीला सांगून झालं तेव्हा ट्यूब गार झाली होती. तिने विचारलं बेन्नूची ती माती संपली का सगळी तपासून. म्हटलं नाही, निदान ७० टक्के तशीच बाजूला ठेवायचं ठरलंय, पुढे जी माणसं येतील आणि आज नाहीत अशी यंत्रं घेऊन येतील त्यांच्यासाठी. ती म्हणाली मग मला अजून वेळ आहे, आणि ट्यूबमधला तो पांढरा चुरा कागदात पुडी बांधून घेऊन गेली.